गार हाताची बाई

आईनं लिहायला परवानगी दिली, पण अट घालून. "लिख, पन कोनं नाव टाकू नको. गावनं टाक, गावले काय लाज शे?" म्हणून गाव नंदुरबार, आणि माणसं सगळी बिननावाची.

मी मज्जातंतूंवर संशोधन करते. पुण्यात एका प्रयोगशाळेत असते. हे सांगितलं की शहरातली माणसं विचारतात, "नंदुरबारहून इथपर्यंत कशा काय आलात?" जशी काही मी तापी पोहून आले. आमच्या गल्लीत असलं कुणी विचारत नाही. नावामागे डॉक्टर लागलं की त्यांचं समाधान होतं, आणि मी सुट्टीवर आले की ओट्यावर गुडघे, पाठी आणि गॅसेस घेऊन माणसं बसतात. एकदा वैतागून शेजारच्या काकूंना सांगितलं, "काकू, मी माणसांची डॉक्टर नाही, उंदरांवर काम करते." काकू खूश झाल्या. म्हणाल्या, "मंग आमना घरमा बी गैरा उंदरं शेतस, देखी ले ना."

शिक्षण सांगायचं तर सरळ आहे. नगरपालिकेची शाळा. तिथं बाई 'आहे' म्हणायच्या आणि आम्ही घरी येऊन 'शे' म्हणायचो, आणि दोन्हीत काही भांडण आहे असं आम्हाला वाटलं नाही. मग गावातच प्राणिशास्त्रात बी.एस्सी., जळगावला एम.एस्सी., बंगळुरूला पीएच.डी. पीएच.डी.च्या मुलाखतीला पाच जण बसले होते. त्यातल्या एकानं विचारलं, दुखण्याच्या नसाच का? मी पाठ करून नेलेलं उत्तर विसरले आणि आईचे हात सांगितले. पाचही जण पुढे सरकून ऐकायला लागले. जागा मला त्या हातांनी मिळाली असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत होते.

ते हात असे. दिवाळीच्या आसपास नंदुरबारबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची वाळत घालतात. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. नजर जाईल तिथपर्यंत लालच लाल, आणि लांबून फोटो काढणाऱ्यांना ते फार आवडतं. जवळ आले की खोकत पळतात. बाया तोंडाला रुमाल बांधून, हाताला तेल चोपडून ती मिरची पसरतात, उलटतात, देठ खुडतात, डागाळलेली बाजूला काढतात. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिचे हात असे पेटतात की चुलीजवळ जाववत नाही, लेकराला धरवत नाही. चुकून डोळ्याला बोट लागलं तर मग विचारूच नका. बाकीच्या बाया हसतात. सवय पडेल म्हणतात.

आमच्या पथारीवर एक रीत होती. हंगामाचा पहिला ढीग गार हाताच्या बाईनं उघडायचा. गार हाताची म्हणजे जिला मिरची जळत नाही अशी. नारळ फुटला, हळदकुंकू वाहून झालं की तिनं तेल न लावता, फडकं न गुंडाळता दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घालायचे आणि पहिली ओंजळ काढून वाऱ्यावर उधळायची. तिच्या तोंडावर आठी आली नाही तर हंगाम चांगला जाणार. मग ती बाई हंगामभर मांडवात बसायची. फुटलेली, बी सांडलेली जहाल मिरची निवडायचं काम तिचं, कारण ते दुसरं कुणी करूच शकत नाही असं सगळे धरून चालत. कामावर कुठल्या बाया घ्यायच्या हेही मुकादम तिलाच विचारायचा.

मला आठवतंय तेव्हापासून ती बाई माझी आई. मांडवाखाली तिच्याजवळ गोणपाटावर बसून मी अ आ गिरवलं. बाया येता-जाता तिचे हात उलटेसुलटे करून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय हात शेत व, बरफ!" आई हात बघू द्यायची. मान जरा ताठ व्हायची, एवढंच.

पुढे शिकले तेव्हा या बर्फाचं कारण मिळालं, आणि मला फार आनंद झाला. मिरचीत जे जळजळ करणारं द्रव्य असतं ते चटका कळवणाऱ्या नसांच्या टोकांवर जाऊन बसतं आणि खरा चटका बसल्याची खोटी बातमी मेंदूला पाठवतं. तेच द्रव्य रोज रोज, वर्षानुवर्षं लावत राहिलं तर ती टोकं दमतात आणि बातमी पाठवायचं सोडून देतात. यावरून दुखणं कमी करणारी मलमं निघाली आहेत. माझं कामही त्याच अंगानं चालतं. दुखणाऱ्या नसेला गप्प कसं करायचं, बाकीच्या नसांना धक्का न लावता. कुठंही भाषण असलं की पहिलं चित्र आईच्या हातांचं असे, ढिगात कोपरापर्यंत बुडालेल्या. ते बघून हॉलमधली माणसं मोबाइल खाली ठेवत.

हे सगळं गेल्या दिवाळीपर्यंत.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आई शेव पाडत होती. मी मदतीला म्हणून बसले, म्हणजे खायला बसले. तिनं सोऱ्या बाजूला ठेवला तेव्हा उजव्या करंगळीच्या कडेला मोठा फोड दिसला, ताजा, पाणी भरलेला. मी म्हटलं, "हे काय झालं?"

"काय?" म्हणून तिनं हात फिरवून पाहिला. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा. मग हसली. "कढई लागनी व्हई. देख, आते तेल बी लागत नही माले!"

मिरचीनं दमलेल्या नसांना तापलेली कढई थोडी कमी कळेल, हे पटण्यासारखं आहे. पण फोड येईपर्यंत हात टेकून राहावा आणि कळूच नये, हे पटेना.

मी देवापुढच्या वातींतली एक वात घेतली, तिचं टोक पिंजलं आणि आईला म्हटलं, "डोळे मीट. जिथं लागेल तिथं सांग." तिला तो खेळ वाटला. एक डोळा किलकिला करून बघायला लागली. शेवटी बाबांनी मागून तिचे डोळे झाकले. बाबा टेम्पो चालवतात, त्यांच्या हाताला डिझेलचा वास. ते म्हणाले, "इतली शिकनी पोर, आनि कापूस लायी ऱ्हायनी."

डाव्या हाताची पाचही बोटं तिनं बरोबर सांगितली. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, बरोबर. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बरोबर. त्याच बोटाची दुसरी बाजू, काही नाही. करंगळी, काही नाही. तळव्याची करंगळीखालची कड मनगटापर्यंत, काही नाही. ती नुसती डोळे झाकून थांबली होती आणि विचारत होती, "लाव ना, काबर थांबनी?" मी वात लावलेलीच होती.

मिरचीनं दमलेली नस चटका सांगत नाही, पण कापूस सांगते. शिवाय मिरची दोन्ही हातांना लागते आणि दहाही बोटांना लागते. एका बोटाच्या मधोमध रेघ ओढून अर्धं बोट धरायचं आणि अर्धं सोडायचं, हे मिरचीला जमत नाही. कोपराच्या आतल्या बाजूनं एक नस खाली उतरते, ती बरोबर तेवढ्याच भागाला पुरते. मी आईची बाही वर केली. दंडाच्या खाली, कोपराजवळ, एक फिकट डाग होता, रुपयाएवढा. तिथंही वात लावली. तिथंही काही नाही.

आमच्या भागात हे कशानं होतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की दवाखान्यात जायला हवं, लगेच.

"तू मेंदूनी डॉक्टर शे, हातनी नही," आई म्हणाली आणि सोऱ्यात पीठ भरायला लागली.

नाव बाबांनी घेतलं. अगदी हळू. "रगतपिती?"

आईनं झारा परातीत आपटला. "ते नाव मन्हा घरमा लेवानं नही!" शेव करपली. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. आईला वेगळीच भीती होती. चार दिवसांवर पथारी उघडायची होती. हे नाव एकदा बाहेर पडलं की ज्या बाया तिचे हात उलटेसुलटे करून बघायच्या त्या तिच्या तांब्यानं पाणी प्यायच्या नाहीत. आणि तसं होणार नाही, असं मी तिला खात्रीनं सांगू शकत नव्हते.

नंदुरबारच्या दवाखान्यात ती येईना. तिथं अर्धी पथारी भेटते. शेवटी नवापूरच्या बाजूला, रेल्वेच्या लाइनीवर असलेल्या एका दवाखान्यात जायचं ठरलं. तिथं या आजाराची जाण असलेली माणसं आहेत, आणि आमच्या गल्लीतलं तिकडं कुणी जात नाही. आम्ही दोघीच गेलो. गाडीत आईनं उजवा हात पदराखाली धरला होता. दवाखान्याच्या पडवीत डोंगराकडून आलेली माणसं बसली होती, आपसात कोकणीत, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, बोलत होती. आई त्यांच्यापासून हातभर लांब बसली. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा जरा सरकली.

तपासणाऱ्या डॉक्टर चाळिशीतल्या बाई होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. आई दवाखान्यात आणि बँकेत शाळेतली मराठी बोलते. "नाही, मला काही होत नाही," ती म्हणाली. "ही उगीच काळजी करते."

डॉक्टरबाईंनी तिचा कोपर वाकवला आणि मागच्या खळगीत बोटं फिरवली. मग माझं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली नस हाताला लागत होती, शिवणाच्या जाड दोरीसारखी. मी सूक्ष्मदर्शकाखाली कितीतरी नसा पाहिल्या आहेत, केसाएवढ्या, चिमट्यानं उचललेल्या. जिवंत माणसाची नस अशी बोटाला कधी लागली नव्हती. ही आईची होती. मी हात काढून घेतला.

मग त्यांनी आईच्या करंगळीत आणि अनामिकेत कागद धरायला दिला. "घट्ट धरा, मी ओढते." कागद अलगद सुटला. "परत द्या," आई म्हणाली. परत सुटला. आईला त्या कागदाचाच राग आला.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव घेतलं, कुष्ठरोग. सर्दी-पडसं म्हणावं तसं घेतलं. गोळ्यांची पाकिटं मिळतील, नेमानं घेतली तर आजार पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की कुणाला लागत नाही, सगळ्यांबरोबर जेवा, नातेवाइकांकडे जा, लग्नाकार्याला जा. आई भिंतीकडे बघत होती. भिंतीवर काही नव्हतं.

"आता एक नीट सांगा," त्या म्हणाल्या. "बोटांना कळत नाही हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," आई म्हणाली.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"ही शाळेत जायच्या आधीपासून. माझे हात गारच आहेत." मान जरा ताठ झाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाच जणांसमोर आणि नंतर शेकडो जणांसमोर मी तेच सांगत आले होते. मी म्हटलं, "हो, मिरचीमुळे. पण हे वेगळं असावं." त्या म्हणाल्या, वेगळं आहे ते खरं, पण सुरू कधी झालं ते कळायला हवं. नसेची सूज उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या असतात. नस गप्प होऊन साधारण सहा महिन्यांच्या आत त्या सुरू केल्या तर पुष्कळदा जाणीव परत येते, ताकदही येते. त्याहून जुनं असेल तर उपयोग होत नाही. आणि आईला साखर आहे. त्या गोळ्यांनी साखर चढते, बाकीचेही त्रास होतात. उपयोगच नसेल तर त्या का द्यायच्या? "इतकी वर्षं झाली असतील तर ही दोन बोटं आता अशीच राहतील. पुढे वाकतात. ती वाकू नयेत म्हणून व्यायाम शिकवू, आणि भाजण्या-कापण्यापासून जपायचं."

यात चुकीचं काही नव्हतं. मीही तेच केलं असतं. आम्ही पाकिटं घेतली, व्यायाम शिकलो आणि स्टेशनवर आलो.

गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर आईनं विचारलं, "बोटं वाकतीन म्हंजे कसं?"

मी माझी दोन बोटं आकड्यासारखी वाकवून दाखवली. तिनं ती बघितली. मग स्वतःचा हात पदरातून काढून मांडीवर ठेवला आणि तोही बघितला.

"मंग ती दुसरी गोळी काबर नही दिनी?"

मी परत सगळं सांगितलं. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर दिली असती. तुझं तर तीसेक वर्षांचं आहे. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला तशी माणसं पिशव्या उचलायला लागली.

"जळेत," आई म्हणाली.

"काय?"

"हात. जळेत ना माय. रोज जळेत."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, आता जळतायत म्हणते. मग ती रुळांकडे बघत सांगायला लागली. पहिल्या वर्षी पथारीवर गेली तेव्हा जुनी गार हाताची बाई नुकतीच वारली होती. मुकादमानं सगळ्या बायांना उभं करून विचारलं, गार हात कुणाचे आहेत? कुणीच बोललं नाही. आईनं हात वर केला.

"काबर?" मी विचारलं.

"मांडवमा सावली व्हती," ती म्हणाली. "तू कडवर व्हती."

त्या वर्षी तिनं ढिगात हात घातले, तोंडावर आठी येऊ दिली नाही, आणि मग दर वर्षी घालावे लागले. एकदा गार हाताची झाल्यावर परत गरम हाताची कशी होणार? हंगामात घरी रोज संध्याकाळी बाबा कोपऱ्यात ताकाचं भगुलं भरून ठेवत. मला वाटायचं, बाबांना ताक आवडतं. ती ओट्यामागे बसून त्यात हात घालायची, मी अभ्यास करत असायचे तेव्हा. बाबांना सगळं माहीत होतं. नवरा-बायकोत हे एवढं गुपित तीस वर्षं होतं आणि त्यांची मुलगी दुखण्याच्या नसांवर पीएच.डी. करत होती.

"मंग बंद कव्हय व्हयनं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. बाकड्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

तिनं विचार केला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तापलेल्या खापरावर मांडे करताना करंगळी खापराला लागली होती. "बोंबलनू मी. तुन्हा बापले इचार." पोळ्याला परत मांडे केले, परत तिथंच खापर लागलं. ते दुसऱ्या दिवशी फोड आला तेव्हा कळलं. म्हणजे आखाजी आणि पोळा, या दोन सणांच्या मध्ये कधीतरी. मी मनात महिने मोजले. आखाजीपासून धरलं तरी आम्ही सहा महिन्यांच्या काठावर होतो. मधलं धरलं तर बरंच आत.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "माले वाटनं, देवनी आयकं," ती म्हणाली. "इतला सालनं सोंग त्यानी खरं करी टाकं."

गाडी फलाटाला लागली होती. मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि तिला गदगदा हलवावंसं वाटत होतं. यातलं काही न करता मी म्हटलं, "ऊठ." ती गाडीकडे निघाली. मी तिचा हात धरून तिला उलट्या बाजूला वळवलं.

दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग बंद होत आला होता. डॉक्टरबाई हात धूत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं तर आईनं मला मागे सारलं. या वेळी तिला शाळेतली मराठी सुचली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, मी खोटं बोलनू. मन्हा हात गार नव्हतात. जळेत. आखाजीलगुन जळनात."

डॉक्टरबाईंना एवढी अहिराणी कळली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, जमेल तितक्या कोरड्या आवाजात. मिरचीचं, मांडवाचं, ताकाचं, दोन सणांचं. त्यांनी टॉवेल ठेवला, आईला खुर्चीवर बसवलं आणि सगळं परत पहिल्यापासून तपासलं. मग दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, खात्री देत नाही. साखर सांभाळायची, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि या हंगामात मिरचीत हात घालायचा नाही.

हे शेवटचं सगळ्यात कठीण होतं. पथारीवर काय सांगायचं? आजाराचं नाव सांगायची तिची तयारी नव्हती आणि मी जबरदस्ती केली नाही. पथारी उघडायच्या दिवशी ती एकटीच गेली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या, आणि ती म्हणाली, "आते मन्हा हातले मिरची लागस. दुसरी कोनी उघाडा."

म्हणजे इतकी वर्षं हात जळत होते तेव्हा जळत नाहीत म्हणाली, आणि जळायचे बंद झाल्यावर जळतात म्हणाली. बायांनी फार हळहळ केली. वयानं होतं, म्हणाल्या. एकीनं तर पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या एका बाईनं पुढे होऊन ढीग उघडला. "तिना बी जळनात," आईनं मला फोनवर सांगितलं. "माले दिसनं ना." बायांच्या हळहळीनं मात्र ती भयंकर चिडली होती. कीव करून घेण्याची तिला सवय नाही.

नंतरचे महिने कंटाळवाणे होते, औषधांचे असतात तसे. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, साखर चढली, भूक वाढली, आणि ज्वारीची भाकरी मोजून खायला लागल्यामुळे ती घरात सगळ्यांशी भांडली. मी मध्ये हैदराबादला भाषण दिलं. पहिलं चित्र काढून टाकलं आणि थेट नसांपासून सुरुवात केली. भाषण जरा सपक झालं. शेवटी एका मुलीनं विचारलं, या विषयाकडे कशा वळलात? मी म्हटलं, मार्क पडले म्हणून.

दर रविवारी बाबा वातीनं तपासायचे आणि मला फोनवर सांगायचे. आधी आईचे डोळे रुमालानं बांधायचे, मग क्रिकेटची कॉमेंटरी सांगावी तसे बोलायचे. "आते करंगळीले लायी. काही नही. आते कडले लायी. काही नही." रविवारमागून रविवार काही नहीच. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात नाही केलं तरी चालेल. ते म्हणाले, "तू तुन्हं काम कर." आणि फोन ठेवला.

होळीच्या आधी एक दिवस दुपारी आईचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते. रविवार नव्हता, म्हणून हातातलं काम टाकून फोन घेतला. ती काहीतरी ओरडत होती, मागे बाबा ओरडत होते, आणि कळत काहीच नव्हतं. दवाखान्याची मनाई होती, तरी तिनं बाबांसाठी ठेचा केला होता आणि हातानं कालवला होता.

"जळी ऱ्हायनं!" ती म्हणाली. "माय व, जळी ऱ्हायनं!"

"कुठं? करंगळी?"

"करंगळी! पुरी करंगळी!"

"आणि कड? तळव्याची कड?"

"थोडी. ती बी जळी ऱ्हायनी."

"अनामिका? दुसरी बाजू? नीट सांग, अंदाजानं सांगू नको."

"आथी आग पडनी, आनि तू काय परीक्षा लेई ऱ्हायनी!" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. माझ्या शेजारी माझा विद्यार्थी उंदराच्या पंजाला दुखणं थांबवणारं औषध लावत होता. दुखणं थांबावं यासाठी मी पगार घेते. आणि मी फोनमध्ये विचारत होते, अजून जळतंय ना? कमी तर होत नाही ना?

कमी होत नव्हतं. तीस वर्षं तिचे हात जळले, आणि भिंतीपलीकडे अभ्यास करणाऱ्या मला तिचा एक हुंकारसुद्धा कधी ऐकू आला नव्हता. त्या दुपारी ती मोठमोठ्यानं रडली, आणि मी तिला गप्प हो म्हटलं नाही.